हॉटेलची चादर कोण धुतं?

इंदूरला सरवटे बस स्टँडजवळच्या जुन्या लॉजमधे चादरीचा कोपरा उलटून बघितला की बिब्ब्याची काळी खूण दिसायची, दोन टिंबं एक रेघ, म्हणजे ही चादर याच लॉजची. धोबी गाठोडं घेऊन जायचा, हिशोब नगावर. त्याला तेव्हा कुणी आउटसोर्सिंग म्हणत नव्हतं इतकंच.

सगळं आपलंच हवं हा थाट मोठ्या हॉटेलांचा. मुंबईत १९०३ ला ताज सुरू झालं तेव्हा वीज, लिफ्ट, टर्किश बाथ सगळं हॉटेलातच, बाहेर मिळणार तरी कुठे होतं म्हणा. पुढे पंचतारांकित म्हटलं की स्वतःची लॉन्ड्री, स्वतःचे माळी, दरवान, सगळे पगारी. पण पगार बारा महिने आणि गर्दी लग्नसराईत. आपल्याकडे जानेवारी २०२३ ला ८ ते १० प्रवासी भारतीय संमेलन आणि लगेच ११-१२ ला इन्व्हेस्टर्स समिट, लोकांनी पाहुणे घरी ठेवून घेतले तेव्हा कुठे निभावलं, आता त्या आठवड्याच्या हिशोबाने माणसं कायमची भरली तर चातुर्मासात त्यांना बसवून ठेवणार का?

लॉन्ड्रीचं गणित तर अजूनच जड. एका पलंगामागे निदान तीन सेट लागतात, एक अंथरलेला, एक धुवायला, एक कपाटात, वर बॉयलर, मशीन, आणि पाणी नर्मदेचं, तेही जलूदहून पंपांनी चढवून आणलेलं. म्हणून गाठोडं परत बाहेर गेलं, फक्त मोठ्या लॉन्ड्रीत आता बिब्ब्याच्या जागी ओळखीची चिप शिवतात.

माणसांचं कारण मात्र हॉटेलवाले हळूच सांगतात. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आला ठेकेदारीला लगाम घालायला, पण लायसन्स घेतलेला ठेकेदार त्यातच कायदेशीर झाला, मग हाउसकीपिंगची पोरं त्याच्या हजेरीवर, पीएफची कटकटही आधी त्याच्याकडे. (तो बुडाला तर मालकाला सुटका नाही, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.) सिक्युरिटी एजन्सींसाठी २००५ ला वेगळा कायदा झाला. रिसेप्शन आणि मुख्य शेफ मात्र सहसा कुणी ठेक्यावर देत नाही, गिऱ्हाईक तोंडं लक्षात ठेवतं भिया.

आणि आता २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, गेलं, म्हणजे एजन्सीच्या बिलावरचा १८ टक्के हॉटेलच्याच खिशातून, घरच्या माणसाच्या पगारावर तो लागतच नाही.