टाइप १ मधुमेह

टाइप १ मधुमेह हा शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटल्यामुळे होणारा आजार आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. प्रतिकारशक्ती त्यांनाच परके समजून नष्ट करते. इन्सुलिन संपले की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. शरीर उपाशी राहते आणि साखर लघवीवाटे वाहून जाते. हा आजार अनेकदा बालपणी किंवा पौगंडावस्थेत उघड होतो, म्हणून त्याला बालमधुमेहही म्हणतात. पण तो तिशीत, चाळिशीत किंवा त्यानंतरही होऊ शकतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना तो पन्नाशी उलटल्यावर झाला आणि सुरुवातीला त्यांना टाइप २ असल्याचे सांगण्यात आले होते.

आपल्याकडे ‘शुगर’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो टाइप २ मधुमेह: पोट सुटलेले, बैठे काम, घराण्यात आजार. टाइप १ ची गोष्ट वेगळी आहे. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या गरोदरपणातील खाण्यामुळे होत नाही आणि आहार बदलून जातही नाही. वजन घटवून किंवा दोनच वेळा जेवून साखर आटोक्यात आणण्याचे जे उपाय महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, ते टाइप २ पुरते आहेत. टाइप १ असलेल्याला इन्सुलिन रोज आणि जन्मभर घ्यावेच लागते. काढा, चूर्ण किंवा अंगारा यांच्या भरवशावर ते बंद केले, तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण आजही मुले अशी दगावतात.

ओळख आणि निदान

मूल सारखे पाणी पिते, रात्री उठून लघवीला जाते, अंथरूण ओले करणे थांबलेले असताना पुन्हा करू लागते, भरपूर खाऊनही वाळत जाते. मोरीत लघवीला मुंग्या लागतात हे अनेकदा आईच्याच नजरेला पडते. या टप्प्यावर कोणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर तपासले, तर निदान मिनिटभरात होते. ते झाले नाही तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात, उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. ही अवस्था म्हणजे मधुमेही कीटोॲसिडोसिस. उलट्यांमुळे तिला पोट बिघडल्याचे आणि धापेमुळे न्यूमोनियाचे लेबल लागते, आणि सलाइनमधून ग्लुकोज चढवले गेले तर परिस्थिती आणखी चिघळते. आजारी मुलाची साखर एकदा तपासून घ्यायची, एवढी सवय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला लागली तरी बरेच जीव वाचतील.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार टाइप १ असलेली २० वर्षांखालील मुले जगात सर्वाधिक भारतात आहेत: सुमारे २ लाख २९ हजार. निदान न होताच गेलेल्यांची गणना यात येत नाही.

रोजचे गणित

डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून एकदा, थोडा वेळ भेटतात. बाकी सगळे उपचार घरात होतात आणि ते बहुतेक आईच्या हातून होतात. दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन दिवसातून एक-दोनदा आणि त्याशिवाय प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारे, अशी दिवसाला चार तरी इंजेक्शने लागतात. बोटाला सुई टोचून साखर पाहायची ती वेगळीच.

जेवणाआधीचा डोस ताटात काय आहे त्यावर ठरतो. साधारण ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी घेतली, तर तिच्यात सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. एखाद्या मुलाला दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे इन्सुलिनचे एक युनिट लागत असेल, तर त्या भाकरीसाठी साडेतीन युनिट झाले. त्यात जेवणाआधीची साखर किती आहे, ती चढती आहे की उतरती, नंतर खेळायला जायचे आहे का, ताप आहे का, हे सगळे धरायचे. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला पिठाचा अंदाज असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला वजनकाटा थोडे दिवस वापरला की तो माळ्यावर जातो. खरी अडचण येते सणावाराला. उपासाचा फराळ हलका मानला जातो, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅमला ८५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. वाटीभर खिचडीने साखर भाकरीपेक्षा सहज जास्त चढते. पुरणपोळी वर्ज्य नसते. तिचे इन्सुलिन द्यावे लागते, इतकेच. पंगतीत मुलाला वेगळे बसवून ताटात काकडी वाढणारे नातेवाईक चांगल्या मनाने तसे वागतात, पण त्याने साखरेला काही फरक पडत नाही आणि मूल मात्र दुखावते.

सिरिंजबाबतची एक गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक हवी. भारतात बाटलीतले इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे मिळते. त्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते. इन्सुलिन टोचायच्या पेनमधल्या कार्ट्रिजचे इन्सुलिन १०० युनिटचे असते आणि त्या तीव्रतेच्या सिरिंजचे टोपण नारिंगी. ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात जातात फक्त ४ युनिट. उलट केले, म्हणजे १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० पर्यंत भरले, तर जातात २५, आणि ते जिवावर बेतू शकते. औषधाच्या दुकानात घाईत हातात पडलेली सिरिंज घरी येऊन बाटलीवरच्या आकड्याशी ताडून पाहणे म्हणूनच गरजेचे.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात गोठले की ते वाया गेले. वापरातली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीचे तापमान त्याला मानवत नाही. जिथे फ्रिज नाही किंवा वीज जाते, तिथे मडक्यात मडके ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरतात आणि इन्सुलिन प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवतात. ही युक्ती चांगली चालते.

साखर दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरणे हा रोजचा धाक. हात कापतात, दरदरून घाम येतो, मूल चिडते किंवा एकदम गप्प होते. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यायचे, लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेट किंवा पेढा उपयोगी नाही, कारण स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचे इंजेक्शन किंवा रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज हाच उपाय. रात्री दोन-तीन वाजता गजर लावून मुलाची साखर पाहणारे आईबाप या धाकापायीच उठतात.

या सगळ्या खटाटोपाचे मोल अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ जणांवर झालेल्या, १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडे आणि मज्जातंतूही वाचले. साखर धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रसंग मात्र त्या गटात जवळजवळ तिप्पट होते. काटेकोरपणा आणि सुरक्षितता यांतली ही ओढाताण घरोघरी रोज चालू असते.

रुग्णांनीच पुढे नेलेले शास्त्र

इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत वेगळे केले आणि जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचले गेले. पेटंट नाममात्र एका डॉलरला विद्यापीठाकडे सोपवण्यात आले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन म्हणून १९९१ पासून पाळला जातो. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनीही त्याला मान्यता दिली. भारतात तोच बालदिन असतो.

त्यानंतरच्या वाटचालीत मात्र प्रयोगशाळेइतकाच वाटा रुग्णांचा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने व्यापलेल्या शांघायमध्ये इन्सुलिन मिळेनासे झाले, तेव्हा निर्वासित इवा सॅक्सल आणि त्यांचे पती व्हिक्टर यांनी वैद्यकाच्या एका पुस्तकातली कृती वाचून म्हशींच्या स्वादुपिंडापासून ते तयार केले. आधी सशांवर तपासले, मग इवा यांनी स्वतःला टोचून घेतले आणि पुढे तिथल्या इतर मधुमेहींनाही पुरवले. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन हे टाइप १ असलेले अभियंता. १९६९ साली रक्तातली साखर मोजणारे यंत्र फक्त डॉक्टर आणि रुग्णालयांना विकले जाई, म्हणून त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने ते मागवले आणि घरी दिवसातून अनेकदा साखर तपासायला सुरुवात केली. आज जी गोष्ट सर्वमान्य आहे ती तेव्हा वैद्यकीय नियतकालिके छापायला तयार नव्हती. बर्नस्टीन चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि डॉक्टर झाले.

साखर सतत मोजणारे, त्वचेवर चिकटवायचे सेन्सर आल्यावरही हेच घडले. २०१३ च्या सुमारास अमेरिकेतील काही पालकांनी मुलांच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर चढवण्याची सोय स्वतः लिहिली, म्हणजे मूल शाळेत असताना साखर आईच्या फोनवर दिसावी. टाइप १ असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या डॅना लुइस यांना सेन्सरचा गजर झोपेतून जागे करण्याइतका मोठा वाटत नव्हता. त्या त्रासातून त्यांनी सहकाऱ्यांसह सेन्सर आणि अंगात इन्सुलिन सोडणारा पंप यांची सांगड घालणारी, डोस आपोआप कमी-जास्त करणारी प्रणाली तयार केली आणि २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. कंपन्यांची अशी उपकरणे बाजारात आली ती त्यानंतर.

आजार पूर्ण प्रकट होणे पुढे ढकलणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ साली मंजुरी मिळाली. चाचणीत आजार प्रकट होणे सरासरी दोन वर्षे पुढे गेले. लहान मुलाच्या घरी दोन वर्षे ही मोठी सवलत आहे.

भारत आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रात या कामाची मुळे जुनी आहेत. मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांनी गेल्या शतकाच्या मध्याला मधुमेहींची संघटना उभी केली. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला आणि गरीब घरांतील मुलांना इन्सुलिन मोफत देण्याचे काम हाती घेतले. त्यात मुलींकडे विशेष लक्ष होते. याचे कारण कटू आहे. पैसा अपुरा असला की मुलाची बाटली आधी येते, मुलीची राहते. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ मराठवाड्यातल्या मुलांना औषधांबरोबर शिक्षण आणि सोबत देते. पुण्यात डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या गटाने टाइप १ असलेल्या भारतीय मुलांची वाढ आणि हाडांची घनता यांवर सातत्याने संशोधन केले आहे.

नवी पिढी स्वतः बोलू लागली आहे. लहानपणापासून टाइप १ सह जगणाऱ्या नूपुर ललवाणी यांनी ‘ब्लू सर्कल डायबिटीस फाउंडेशन’ आणि अहमदाबादच्या जॅझ सेठी यांनी ‘डायबेस्टीज फाउंडेशन’ स्थापन केले. नव्याने निदान झालेल्या मुलीला डॉक्टर जे सांगू शकत नाहीत, ते अशा ठिकाणी समवयस्क सांगतात: कॉलेजच्या कट्ट्यावर पेन कसे काढायचे, पाळीच्या आधी साखर का चढते, वसतिगृहात कोणाला काय सांगून ठेवायचे. क्रिकेटवेड्या मुलांना वसीम अक्रमचे नाव पुरते. त्याला १९९७ साली निदान झाले आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला.

लग्न हा मुलींच्या बाबतीत सर्वांत अवघड विषय. साखर नीट ठेवली तर गर्भारपण आणि बाळंतपण सुखरूप होते, तरीही स्थळ पाहताना आजार लपवण्याचा सल्ला घरातूनच मिळतो. त्याचा परिणाम पुढे दिसतो. सासरी इंजेक्शन चोरून घ्यावे लागते, ते चुकते, आणि मुलगी कीटोॲसिडोसिस होऊन रुग्णालयात पोहोचते. आजार आधी सांगणे हा पत्रिका जुळण्यापेक्षा महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.

शाळेच्या पातळीवर काही हालचाल झाली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली टाइप १ असलेल्या परीक्षार्थींना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन टोचणे आणि मधल्या वेळी खाणे यांना परवानगी द्यावी, असे राज्यांना कळवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ साली टाइप १ साठी प्रथमच स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केरळची ‘मिठाई’ योजना मुलांना इन्सुलिन पेन, सेन्सर आणि पंपही पुरवते, तर पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयात सुरू झालेले टाइप १ चे वेगळे दवाखाने जिल्हा रुग्णालयांत नेण्यात आले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत टाइप १ मधुमेहाचा समावेश नाही. तो व्हावा यासाठी पालकांच्या संघटना पाठपुरावा करत आहेत.