बोटीचा रंग खरवडणारी सुरी आणि पुढचं सगळं

यूट्यूब उघडलं की हल्ली कुणीतरी दाढीवाला माणूस पोलादाच्या पट्टीतून सुरी घडवताना दिसतोच, आणि खाली लिहिलेलं असतं की ही शेकडो वर्षांची परंपरा वगैरे. आता लोखंड ठोकणं जुनंच आहे, त्यात वाद नाही. पण एकट्या माणसाने ऑर्डर घ्यायची, एकेक सुरी हाताने बनवायची, पात्यावर स्वतःचा शिक्का मारायचा आणि गिऱ्हाइकाने त्यासाठी महिनोन्महिने थांबायचं, हा कस्टम नाइफचा जो प्रकार आज सगळीकडे दिसतो तो अमेरिकेत विसाव्या शतकात उभा राहिला, आणि तोही लोहारकाम पिढीजात नसलेल्या दोन-तीन हौशी माणसांमुळे.

त्याआधी काय होतं, तर बोवी नाइफ. १८२७ साली मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर मारामारी झाली, त्यात जिम बोवी नावाच्या माणसाने जबर जखमी होऊनही मोठ्या सुरीने समोरच्याला लोळवलं, पेपरात छापून आलं आणि सगळ्यांना तसलीच सुरी पाहिजे झाली. पण ती मागणी पुरवली कोणी, तर मुख्यतः इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनी! पुढे अमेरिकेतले कारखानेही स्वस्त सुऱ्या काढायला लागले, मग गावच्या लोहाराकडून सुरी करून घेणार कोण.

तरी एक विल्यम स्कॅगल म्हणून विक्षिप्त म्हातारा मिशिगनमध्ये हाताने सुऱ्या करत होता, मुठीला चामड्याच्या चकत्या आणि हरणाचं शिंग. १९३७ च्या सुमारास तिथल्या वलून लेकवर एक माणूस स्कॅगलच्या सुरीने बोटीचा जुना रंग खरवडत होता. फ्लोरिडाहून आलेल्या बो रँडलने ते बघितलं, एवढं खरवडून धारेला काहीच झालं नाही हे बघून तो चाट पडला आणि ती सुरी विकतच घेतली. रँडलची संत्र्या-मोसंब्यांची बाग होती, लोहारकामाशी काडीचा संबंध नव्हता, पण घरी जाऊन त्याने तशी सुरी करायचा नाद घेतला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि सैनिकांच्या ऑर्डरी सुरू झाल्या, नंतर मर्क्युरी मोहिमेतल्या अंतराळवीरांसाठीसुद्धा त्याने सुरी बनवली. ऑरलँडोतलं ते दुकान अजून चालू आहे.

आता खरा किस्सा. १९५३-५४ च्या आसपास बॉब लव्हलेस नावाचा जहाजावर काम करणारा एक तरुण न्यूयॉर्कच्या दुकानात रँडलची सुरी घ्यायला गेला, तर त्याला सांगितलं की नऊ महिने वेटिंग आहे. हा वैतागला. भंगारातून १९३७ सालच्या पॅकार्ड गाडीची स्प्रिंग आणली आणि जहाजाच्या भटारखान्यातल्या शेगडीवर तापवून स्वतःच पातं बनवलं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्याकडे ऊसतोडीचा कोयता चांगला कोणता, तर ट्रकच्या कमानपाट्याचा. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला घिसाडी बसलेले असायचे, बाई उभी राहून घण मारायची आणि नवरा सांडशीत लालभडक पाटा धरून प्रत्येक घावानंतर थोडासा फिरवायचा, दोघांत एक शब्द नाही. शेवटी पाणी देताना तो अख्खा कोयता बुडवायचा नाही, नुसती धार बुचकळायचा. का, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं: धार कडक होते, पाठ मऊ राहते, म्हणून कोयता आपटला तरी मोडत नाही.

लव्हलेसने पुढे ठोकणं सोडूनच दिलं. तयार पट्टी घ्यायची आणि नको तेवढं घासून काढायचं, ही पद्धत त्याने इतकी लोकप्रिय केली की आज घरच्या गॅरेजमध्ये सुऱ्या करणारे बरेच जण तीच वापरतात. भट्टी नको, ऐरण नको, बेल्ट ग्राइंडर असला की झालं. पात्याचं टोक किंचित खाली उतरलेला ड्रॉप पॉइंटही त्यानेच गाजवला, कारण शिकारीचं पोट फाडताना टोक आतड्यात घुसत नाही. आणि १९७२ च्या सुमारास जेट इंजिनच्या भागांसाठीचं १५४सीएम हे पोलाद त्याने सुऱ्यांत आणलं.

मग ठोकण्याची कला संपली का? जवळजवळ. मेरीलँडमधला बिल मोरन मात्र ठोकतच राहिला आणि १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात त्याने लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असलेली डमास्कस पाती मांडली, लोक वेडेच झाले. १९७६ मध्ये त्याने तिघांना घेऊन अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. त्यांची परीक्षा ऐका: स्वतः ठोकलेल्या सुरीने लटकता एक इंची दोरखंड एका घावात कापायचा, दोन बाय चारचं लाकूड दोनदा तोडायचं, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे आणि शेवटी पातं पकडीत धरून नव्वद अंशात वाकवायचं, मोडता कामा नये. म्हणजे घिसाडी धारेपुरतं पाणी देतो तेच इथे मार्क मिळवून देतं.

फक्त डमास्कस या नावाचा घोळ आहे. मोरनचं डमास्कस म्हणजे दोन प्रकारचं पोलाद एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून, घडी घालून जोडलेले थर. जुन्या ज्या तलवारींमुळे हे नाव गाजलं त्यांचं पोलाद वेगळंच, ते दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेलं वूट्झ, म्हणजे कानडीतलं उक्कू, ज्यात साधारण दीड टक्का कार्बन असतो आणि नक्षी थरांची नसून आतल्या कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाच्या, दाण्यांची असते. ती विद्या एकोणिसाव्या शतकात बुडाली. मायकेल फॅरेडेने, जो स्वतः लोहाराचा पोरगा, १८१९-२० च्या सुमारास वूट्झ तपासून गुण कशामुळे येतो ते सांगितलं आणि ते चुकलं. व्हॅनेडियमसारख्या घटकांच्या किरकोळ अंशामुळे ते दाणे रांगेत लागतात, हे विसाव्या शतकाच्या शेवटी प्रोफेसर व्हर्होव्हन आणि अल्फ्रेड पेंड्रे या दोघांनी तशी पाती पुन्हा बनवून दाखवलं, आणि त्यातला पेंड्रे हा फ्लोरिडातला, घोड्यांना नाल ठोकणारा.