मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमधला स्टार्ट बिट आला कुठून?

मराठवाड्यात शेतीची लाईट रात्री-अपरात्री येते, म्हणून बीड, जालना, लातूरकडं विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवायलेत लोकं. घरून फोन लावला की मोटार चालू. त्या पेटीत एक मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर) अन् एक जीएसएम मोड्यूल (मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग) असतं, दोघांचं बोलणं चालतं टीएक्स (पाठवायची तार), आरएक्स (घ्यायची तार) अन् ग्राउंड एवढ्यावरच, दोघांना ताल देणारी क्लॉकची वायरच नाही. मग समोरच्याला कळतं कसं की अक्षर कुठं सुरू झालं? डिप्लोमाची पोरं "टीएच-वनमधी एफडी टाकायचं" (टीएच-वन म्हणजे ८०५१ ह्या मायक्रोकंट्रोलरमधला बिटांचा वेग ठरवणारा रजिस्टर) एवढं पाठ करतात, पण ह्याचं उत्तर मायक्रोकंट्रोलरच्या लै आधीचं आहे, अन् ते कळलं की बाकीचं पाठ करायची गरजच पडत नाही.

फ्रान्सच्या एमिल बोदोनं १८७४ मध्ये पाच बिटांच्या तारयंत्राचं पेटंट घेतलं, बॉड रेटमधला (म्हणजे बिट पाठवायच्या वेगातला) बॉड त्याच्याच नावाचा. पण त्यात दोन्ही टोकांची यंत्रं सतत एका तालात पळवावी लागायची, जरा मागंपुढं झालं की मजकूर बिघडला. वाट काढली अमेरिकेतल्या चार्ल्स क्रम अन् त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी, १९१० च्या आसपास. प्रत्येक अक्षराआधी स्टार्ट बिट, शेवटी स्टॉप बिट. स्टार्ट आला की टेलिप्रिंटरचा (तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राचा) क्लच सुटायचा, शाफ्ट एकच फेरी मारायचा, त्या फेरीत पाच बिट उचलायचा आणि स्टॉपवर येऊन थांबायचा. दोन्हीकडच्या मोटारींचा स्पीड थोडा वेगळा असला तरी चूक त्या एका अक्षरापुरतीच, पुढच्या स्टार्टला परत शून्यापासून मोजणी. ह्या सगळ्या विषयात मला सगळ्यात भारी वाटते ती हीच कल्पना.

रिकामी लाईन हाय (व्होल्टेज वर) ठेवतात तेबी तिथलंच, तारेत करंट चालू ठेवला की तार तुटल्याचं लगेच कळायचं.

पुढं १९६० मध्ये आरएस-२३२ (असं बिट पाठवायच्या जोडणीचं स्टँडर्ड) आलं, त्याच सुमारास डेक ह्या कॉम्प्युटर कंपनीच्या गॉर्डन बेलनी हे स्टार्ट-स्टॉपचं काम सर्किट बोर्डावर आणलं, तवा एका लाईनीला अख्खा बोर्ड लागायचा. १९७१ च्या सुमारास ते एका चिपमध्ये बसलं आणि १९८० ला इंटेलनी ८०५१ च्या पोटातच टाकलं.

क्लच गेला, काम तेच राहिलं. आरएक्स पिन हायवरून लो झाली की ८०५१ मोजणी सुरू करतो, एकेका बिटाचे १६ भाग पाडतो, ७व्या, ८व्या, ९व्या भागात लाईन बघतो आणि तीनपैकी दोन वेळा जे दिसलं ते खरं धरतो. असे आठ बिट, सगळ्यात कमी किमतीचा बिट (एलएसबी) आधी, मग स्टॉप. एफडीचा हिशोबबी सरळ आहे: ८०५१ ला ताल देणाऱ्या क्रिस्टलच्या ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ नं भागा, मग ३२ नं, २८,८०० येतात, त्याला ३ नं भागलं की बरोबर ९,६००, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. २५६ मधून ३ गेले, २५३, हेक्साडेसिमलमध्ये तेच एफडी. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर १०,४१७ येतात, साडेआठ टक्के जास्त, म्हणजे स्टॉप बिटापर्यंत पाऊण बिटाच्या वर घसरण अन् स्क्रीनवर कचरा.

म्हणूनच स्टार्टर बनवणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे, पैसे वाचवायला चिपमधल्या आतल्या ऑसिलेटरवर भागवू नका. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत तो तापून सरकतो आणि नेमकं पाणी द्यायच्या दिवसात मोड्यूलचं बोलणं कंट्रोलरला कळत नाही, बाहेरून क्रिस्टल लावाच.