शिक्षा भोगून झाल्यावर शस्त्र परवाना मिळतो का? पात्रता, कागदपत्रे, अर्ज

एकदा तुरुंगात जाऊन आलं की बंदुकीचा परवाना कायमचा गेला, असं गावाकडे सर्रास मानलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ नुसार हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक अशा) गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्यांना शिक्षा संपल्यावर पाच वर्षे परवाना मिळत नाही. मुदत निकालाच्या नव्हे, शिक्षा संपल्याच्या तारखेपासून मोजायची. शिक्षा जून २०१८ मध्ये संपली असेल, तर बंदी जून २०२३ पर्यंत.

फक्त दंड झाला असेल तर ही पाच वर्षांची बंदी लागत नाही. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ खाली, म्हणजे तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्यांना त्याच कायद्याच्या कलम १२ चा आधार आहे; शिक्षेमुळे येणारी अपात्रता त्यांना चिकटत नाही. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून दिलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं.

बंदी आपोआप उठते, परवाना मात्र आपोआप परत येत नाही. जुना परवाना रद्द झाला असेल तर नव्याने अर्ज करायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र (एस-३) आणि सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एस-१) लागतं. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागत असाल तर सातबाराही जोडा. रानडुकरांनी रातोरात भुईमूग उकरून टाकलेल्या शेतकऱ्याची गरज खरी असते, पण या परवान्याने डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो एकाच रकान्यात. ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नापुढे कृपा करून ‘नाही’ लिहू नका. पोलीस ठाण्याच्या अहवालात जुनं प्रकरण येतंच, आणि माहिती दडवून घेतलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतो. गुन्ह्याचं कलम, न्यायालय, शिक्षा आणि तारीख स्पष्ट लिहा. निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढा. कारागृहाचं मुक्ततेचं प्रमाणपत्र, दंड भरल्याची पावती आणि अपिलाचा निकाल असेल तर तोही जोडा. पाच वर्षांचा हिशेब याच कागदांवर सिद्ध होतो, म्हणून अर्जाआधी महिनाभर तरी त्यांच्या मागे लागा.

पाच वर्षे झाली म्हणून परवाना मिळेलच असं नाही. सार्वजनिक शांतता, सुरक्षितता किंवा अर्जदाराची अयोग्यता या कारणांवरून कलम १४ खाली नकार देता येतो. मात्र पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही, हे भूमिहीन अर्जदारांनी लक्षात ठेवावं.

परवाना हातात येईपर्यंत वडिलांची म्हणून घरात ठेवलेली बंदूकही स्वतःच्या ताब्यात घेऊ नका. तुमच्याकडे असलेलं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असायला हवं.

नकार आला तर कारणं लेखी मागा. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध शासनाकडे अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून आदेश कोणत्या तारखेला मिळाला ते पाकिटासकट जपून ठेवा.