वितळलेल्या उष्णता-साठ्याची श्यानता

उष्णता साठवायची असेल, तर पदार्थ नुसता तापवण्यापेक्षा वितळवणे पुष्कळदा अधिक फायद्याचे ठरते. ऑक्टाडेकेन हे पॅराफिन 28 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळताना किलोमागे सुमारे 240 किलोज्यूल अप्रकट उष्मा शोषून घेते आणि गोठताना तो परत देते. हा उष्मा किती वेगाने आत शिरेल, हे बऱ्याच अंशी वितळलेल्या भागातील अभिसरण प्रवाहांवर अवलंबून असते. आणि त्या प्रवाहांना आवर घालते ती श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध.

ती मोजण्यासाठी रिओमीटरच्या दोन तबकड्यांमध्ये द्रवाचा पातळ थर ठेवून वरची तबकडी फिरवायला किती पीळ द्यावा लागतो, ते पाहतात. ऐकायला हे सोपे आहे. पण तबकडीचा 10 सेंटिमीटर लांबीचा पोलादी दांडा 50 अंशांनी तापला की सुमारे 0.06 मिलिमीटरने लांबतो, आणि तबकड्यांतील अंतर 1 मिलिमीटर असेल तर केवळ तेवढ्याने श्यानता सहा टक्क्यांच्या आसपास जास्त भासते. म्हणून अंतराची दुरुस्ती प्रत्येक तापमानाला करावी लागते. शिवाय द्रवणांकाजवळ न वितळलेले बारीक स्फटिक द्रवात राहिले, तर यंत्र द्रवाची नव्हे, त्या मिश्रणाची श्यानता दाखवते. त्यामुळे नमुना आधी पूर्ण वितळवून मग हळूहळू थंड करत मोजणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. झायलिटॉलसारखा पदार्थ द्रवणांकाच्या बराच खाली जाऊनही द्रवच राहतो आणि इतका दाट होतो की त्याचे स्फटिक बनणेच रखडते. तेव्हा साठवलेली उष्णता असूनही हाती लागत नाही.

सजल क्षारांची, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांची, अडचण वेगळी आहे. मोजणी चालू असताना उघड्या कडेने पाणी उडून गेले, तर नमुन्याची घडणच बदलते, म्हणून कडेवर झाकण लागते. 1948 साली अमेरिकेतील डोव्हर येथे मारिया टेल्केस यांनी सौरघरासाठी 32 अंशांना वितळणारा ग्लाउबर क्षार, म्हणजे सजल सोडियम सल्फेट, उष्णता साठवायला वापरला होता. वितळताना त्यातले निर्जल सोडियम सल्फेट तळाशी बसते, आणि काही हिवाळ्यांतच ती व्यवस्था निकामी झाली. असा गाळ बसू नये म्हणून आज सजल क्षारांत झँथन गमसारखे घट्टक मिसळतात, म्हणजे श्यानता मुद्दाम वाढवतात आणि त्या बदल्यात अभिसरण काहीसे गमावतात. असे मिश्रण ढवळले की पातळ होते व स्थिर ठेवले की दाट, त्यामुळे त्याची श्यानता एकाच आकड्यात सांगता येत नाही. कण अतिशय सावकाश खाली बसतात, म्हणून गाळाचा अंदाज घ्यायचा असेल, तर मोजणीही अगदी मंद फिरकीवर करावी लागते.