सोमा राणी आणि कौंडिण्य: दंतकथा किती, पुरावा किती

‘पहिल्या शतकात कौंडिण्य या भारतीय ब्राह्मणाने कंबोडिया जिंकला, सोमा राणीशी लग्न केलं आणि तिथे संस्कृती नेली,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

आधी पुरावा कोणत्या काळातला ते पाहू. तिसऱ्या शतकात फुनानला (आजच्या दक्षिण कंबोडियाच्या भागातल्या प्राचीन राज्यात) गेलेल्या चिनी दूतांच्या वृत्तांतात राणी आहे लिऊ-ये. जहाजातून आलेल्या हुन-तिएनला (यालाच कौंडिण्य मानलं जातं) तिथे ब्राह्मण म्हटलेलं नाही. कौंडिण्य, त्याचा भाला आणि नागराजाची कन्या सोमा भेटतात मी-सनच्या संस्कृत शिलालेखात. तो थेट इ.स. 658 च्या सुमाराचा, आणि आजच्या व्हिएतनाममधला! दाव्यातलं पहिलं शतक आणि हा शिलालेख यांच्यामधे सहा शतकं गेलेली. शिलालेखाचं भाषांतर छापलेलं आहे. काळ आणि ठिकाण कुणालाही पडताळता येईल.

शिवाय दक्षिण कंबोडियातल्या अंगकोर बोरेईच्या उत्खननात इ.स. पूर्व चौथ्या शतकाच्या आसपासची वस्ती सापडली आहे. भारतातून लिपी आणि देवता तिथे पोचल्या, हे खरंच. पण त्याआधीही तिथे नांदती गावं होती.