पॅलेस्टिनी प्रदेशावरच्या ताब्याला विरोध म्हणजे इस्रायललाच विरोध?

इस्रायलमधले डावे शांततावादी म्हणजे देश मोडीत काढायला निघालेली मंडळी, ही समजूत फार जुनी. इस्रायली पत्रकार आणि शांततावादी कार्यकर्ते उरी अव्नेरींचं उदाहरण घेतलं तर ती टिकत नाही. पोरवयात इर्गुन या ज्यू सशस्त्र संघटनेत, १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात आघाडीवर आणि तिथेच जखमी. पुढे क्नेसेटचे, म्हणजे इस्रायली संसदेचे सदस्य. १९८२ साली बैरुतला इस्रायली सैन्याचा वेढा पडलेला असताना हे गृहस्थ थेट पॅलेस्टिनी नेते यासर अराफातना जाऊन भेटले, आणि गद्दारीचा शिक्का बसला.

मागणी काय होती? १९६७मध्ये जिंकलेला पॅलेस्टिनी प्रदेश सोडा, शेजारी पॅलेस्टाईन उभं राहू द्या. दोघांचं मिळून एकच राज्य त्यांना अमान्य होतं. बहिष्कार हवा, पण या प्रदेशात इस्रायलने वसवलेल्या वसाहतींच्या मालावर. सबंध इस्रायलवर नको. यावरून डाव्यांशीही त्यांचे खटके उडत.